राखणदारांची बाग

स्मारक म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो घोड्यावर स्वार झालेला वीर आणि त्याच्या हातातील उपसलेली तलवार. यात आमचा फारसा दोष नाही. आम्ही बेळगावची मुले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आमच्याच गावात आहे. कँपातील कवायतीचे हुकूम ऐकत आणि पहाटे रस्त्याने धावत जाणाऱ्या रंगरूटांकडे कौतुकाने पाहत आम्ही मोठे झालो. आमच्या भागात घरटी कोणी ना कोणी पलटणीत गेलेला असतो. त्यामुळे शूर कोण, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच पाठ होते. जो लढला तो शूर, जो जिंकला तो अधिक शूर आणि जो लढता लढता पडला तो सर्वांत शूर. गेल्या हिवाळ्यात आमची सहल दिल्लीस गेली आणि तेथील एका बागेत या पाठ केलेल्या उत्तराची परीक्षा झाली. तीच हकीगत येथे सांगावयाची आहे.

गोवा एक्सप्रेसने दोन रात्री व मधला एक दिवस प्रवास करून आम्ही हजरत निजामुद्दीन स्थानकावर उतरलो, ते दात वाजवीतच. पहिले दोन दिवस लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट असे सर्व काही यथासांग पाहून झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांनी जाहीर केले की, आज आपण दिल्ली छावणीतील भारत-कोरिया मैत्री उद्यान पाहावयास जाणार आहोत. हे ऐकताच आमच्यात कुजबुज सुरू झाली. बागा काय बेळगावात नाहीत? एवढ्या लांब येऊन झाडेच पाहावयाची, तर मग चांदणी चौकातील जिलबी कधी खावयाची? सरांच्या कानांवर हे गेले असावे. ते एवढेच म्हणाले, "जिलबी कुठे पळून जात नाही. आधी बाग पाहा, मग बोला."

आमच्यातील एकच जण या कुरकुरीत सामील झाला नव्हता. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून रोज बसने शाळेत येणारा हा आमचा वर्गमित्र एरवी सर्वांत बडबड्या. परंतु त्या सकाळी तो खिडकीशी गप्प बसून होता. त्याचे कारण आम्हांला तासाभराने कळले.

उद्यानाच्या दाराशी उतरलो तेव्हा धुके अद्याप पुरते विरले नव्हते. त्या धुक्यातून प्रथम दिसले ते कोरियन धर्तीचे भव्य प्रवेशद्वार. आपल्याकडील वाड्याची दिंडी किंवा गडाचा दरवाजा पाहिलेल्या डोळ्यांना ते निराळेच वाटले. गडाचा दरवाजा येणाऱ्यास प्रथम अडवतो. हे दार मात्र पाहुण्याची वाट पाहत उभे असावे, असे वाटत होते. सरांनी सांगितले की, कोरियातील जुन्या राजवाड्यांच्या आणि बौद्ध मठांच्या लाकडी कामावर निळा, तांबडा, पिवळा, पांढरा व काळा अशा पाच रंगांची नक्षी काढण्याची परंपरा आहे. हे पाच रंग चार दिशांचे आणि मध्याचे मानले जातात. दाराशीच हस्तांदोलन करणाऱ्या दोन हातांचे मोठे शिल्प असून त्यासोबत दोन्ही देशांचे ध्वज आहेत. कोरियाचा ध्वज आम्ही इतक्या जवळून प्रथमच पाहिला. पांढऱ्या भूमीवर तांबड्या-निळ्या अर्धांनी बनलेले वर्तुळ आणि चार कोपऱ्यांत काळ्या रेघांची चार चिन्हे. आकाश, पृथ्वी, पाणी आणि अग्नी असा त्यांचा अर्थ. एकमेकांस मिठी मारून बसलेल्या त्या दोन रंगांकडे पाहून आमच्यातील एक मुलगी म्हणाली, "सर, ध्वजात दोन्ही अर्धे एकत्र आहेत आणि देशाचे मात्र दोन तुकडे!" सर क्षणभर थांबले. "आजची बाग त्याच गोष्टीची आहे," ते म्हणाले.

हे उद्यान सुमारे सहा एकरांचे. २६ मार्च २०२१ रोजी भारताचे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आणि दक्षिण कोरियाचे संरक्षणमंत्री सुह वूक यांनी त्याचे उद्घाटन केले. आत हिरवळ आहे, फिरावयास वाट आहे आणि पायऱ्यापायऱ्यांचे खुले प्रेक्षागृहही आहे. स्मारक म्हणजे गंभीर चेहरा करून उभे राहण्याचे ठिकाण, ही आमची आणखी एक समजूत येथे मागे पडली. ज्यांच्या स्मरणार्थ ही बाग केली, त्यांना माणसांचा हा निर्वेध वावर खचित आवडला असता, असे आता वाटते.

मध्यभागी जनरल कोदंडेर सुबय्या थिमय्या यांचा पुतळा आहे. अंगावर समारंभाचा लष्करी पोशाख, पण घोडा नाही, उगारलेली तलवारही नाही. पुतळ्यामागे पाच स्तंभ असून कोरियातील युद्धात भारताने काय केले, ते त्यांवर क्रमाने कोरले आहे. एका स्तंभावर रवींद्रनाथ ठाकूर यांनी कोरियास उद्देशून लिहिलेली 'पूर्वेचा दीप' ही कविता आहे. १९२९ साली, कोरिया जपानच्या ताब्यात असताना, तेथील 'दोंगा इल्बो' या दैनिकात ती प्रसिद्ध झाली होती. एका परतंत्र देशाच्या कवीने दुसऱ्या परतंत्र देशास धीर द्यावा, यात केवढे औदार्य आहे!

स्तंभ वाचून झाल्यावर आम्ही प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांवर बसलो आणि सरांनी सर्व हकीगत सांगितली. ती आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हती, म्हणून येथे थोडी विस्ताराने देतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोरियाचे ३८ व्या अक्षांशावर दोन भाग पडले. २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या सैन्याने ती रेषा ओलांडली आणि युद्ध पेटले. संयुक्त राष्ट्रांच्या वतीने दक्षिणेच्या मदतीस सोळा देशांनी लढाऊ सैन्य धाडले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताने लढाऊ पलटण न धाडता जखमींची शुश्रूषा करणारे पथक धाडले. ते पथक म्हणजे ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज हे तिचे प्रमुख आणि माणसे सुमारे साडेतीनशे.

नोव्हेंबर १९५० मध्ये हे पथक कोरियात उतरले आणि डिसेंबरच्या आरंभी प्याँगयाँगला पोहोचले, तो चिनी सैन्याच्या रेट्यामुळे माघार सुरू झालेली. सामान तेथेच टाकून निघा, असा हुकूम आला. परंतु औषधे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे टाकून गेलेला वैद्य पुढे कोणाच्या उपयोगी पडणार? पथकातील जवानांनी स्थानकाच्या आवारात एक जुने आगगाडीचे इंजिन हुडकून काढले. पाणी भरावयास नळ नव्हता. म्हणून त्यांनी माणसांची रांग लावून बादल्यांनी इंजिनात पाणी भरले, लाकडे घालून जाळ केला आणि आपल्यातल्याच जाणत्या माणसांकडून ते इंजिन चालवून घेतले. मागचा पूल सुरुंगाने उडवला जाण्यापूर्वी ही गाडी सर्व सामानासह पार झाली. विहिरीवर आग लागलेल्या घराकडे हातोहात घागरी पोहोचवाव्यात, तसाच हा प्रकार. मात्र हे पाणी आग विझवण्यासाठी नव्हते, पेटवलेल्या आगीला कामास लावण्यासाठी होते.

पुढे २३ मार्च १९५१ रोजी अमेरिकन छत्रीधारी सैनिकांनी मुनसान येथे विमानांतून उड्या घेतल्या, तेव्हा रंगराज आणि त्यांचे सहकारी अशा बारा जणांनी औषधांसह उडी घेतली. वरून उतरणारा सैनिक निदान हातातील बंदुकीच्या भरवशावर उतरतो. यांचा भरवसा कापूस आणि पट्ट्यांवर! रंगराज यांना महावीरचक्र मिळाले. या पथकाने सुमारे १,९५,००० रुग्ण व जखमींवर उपचार केले आणि सुमारे २,३०० शस्त्रक्रिया केल्या, असे स्तंभावर नोंदले आहे. आम्ही ते आकडे वह्यांत उतरून घेतले खरे. परंतु त्यांतील प्रत्येक आकडा म्हणजे कोणा तरी मातेचा परत मिळालेला मुलगा असू शकतो, हे सरांनी सांगेपर्यंत आमच्या ध्यानात आले नाही.

२७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. तेथून जो भाग सुरू होतो तो लढाईच्या गोष्टी ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांना नवा होता. तोफा थांबल्या तरी एक प्रश्न उरलाच होता. हजारो युद्धकैदी असे होते की, त्यांना आपल्या देशी परत जावयाचे नव्हते. त्यांचे काय करावयाचे? त्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्षस्थानी भारत. अध्यक्ष म्हणून जनरल थिमय्या गेले. कैद्यांची प्रत्यक्ष देखभाल करण्यास पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिकांचे रक्षक दल गेले आणि त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. हे नाव ऐकताच आम्ही सारे सावरून बसलो. थोरात म्हणजे कोल्हापूरजवळच्या वडगावचे. आमच्या बेळगावहून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे!

दक्षिण कोरियाचे त्या वेळचे अध्यक्ष सिंगमन री यांना भारताची तटस्थता मान्य नव्हती. भारतीय सैनिकांनी आपल्या भूमीवर पाऊल ठेवू नये, असे त्यांनी बजावले. तेव्हा इंचॉनच्या समुद्रात उभ्या असलेल्या जहाजांवरून हेलिकॉप्टरांत बसवून आपल्या जवानांना थेट दोन्ही सैन्यांमधील निर्लष्करी पट्ट्यात उतरवले गेले. तेथे त्यांनी तळ दिला आणि त्याला नाव दिले 'हिंद नगर'. दक्षिणेकडून २२,६०४ आणि उत्तरेकडून ३५९ कैदी त्यांच्या स्वाधीन झाले. त्या कैद्यांतही तट होते, दहशत होती. घरी जाण्याची इच्छा बोलून दाखवणाऱ्यास त्याच्याच छावणीतील सोबती मारहाण करीत. सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यास आवारात ओढून डांबून ठेवले. त्या वेळी जनरल थोरात स्वतः निःशस्त्र आत शिरले, खवळलेल्या जमावाशी बोलले आणि अधिकाऱ्यास सोडवून बाहेर घेऊन आले. सर्वच प्रसंग असे निभावले नाहीत. ऑक्टोबरच्या आरंभी गोळीबार करावा लागला आणि काही कैदी प्राणास मुकले. हेही सरांनी लपवले नाही. "चांगले काम हे नेहमी निष्कलंक पार पडते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका," ते म्हणाले.

इतक्यात आमचा तो खानापूरकडचा वर्गमित्र उभा राहिला. "सर, माझे पणजोबा होते तेथे," असे तो म्हणाला आणि त्याचा आवाज दाटून आला.

पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण मूळची मराठा पलटण. ती या रक्षक दलात होती आणि त्याचे पणजोबा त्या पलटणीत शिपाई होते. पेन्शन घेऊन गावी आल्यावर ते शेती करीत. गावात लढाईच्या गोष्टी निघाल्या की दुसरे पेन्शनर ब्रह्मदेशाच्या, इटलीच्या, काश्मीरच्या लढाया सांगत. यांची पाळी आली की कोणी तरी हसून म्हणे, "ह्यो गेलता कोरियाला, आन् कैद्यांची राखण करून आला!" सारा पार हसे. पणजोबा उलट बोलत नसत. फार आग्रह केला तर एवढेच म्हणत, "तितं लई थंडी. आन् घराकडं जायला मानसं भेत होती, बग." या वाक्याचा अर्थ घरात कोणासच कळला नव्हता. म्हातारा भ्रमला आहे, असे समजून सारे गप्प बसत. आमच्या मित्राने लहानपणी इतरांबरोबर आपणही हसल्याचे आम्हांला सांगितले. ते सांगताना त्याची मान खाली होती. पणजोबा जाऊन आता काही वर्षे झाली आहेत.

कोणी काही बोलले नाही. हसणाऱ्यांच्या त्या पारावर आम्ही नव्हतो. तथापि असतो तर आम्हीही हसलो असतो, हे आमच्यातील प्रत्येकास मनोमन ठाऊक होते.

मग सरांनी अखेरचा भाग सांगितला. कैद्यांच्या देशांच्या प्रतिनिधींनी यावे, कैद्यास परत येण्याविषयी समजावून सांगावे आणि मग त्याने भयमुक्त होऊन निर्णय घ्यावा, अशी योजना होती. ती पुरती तडीस गेली नाही. नव्वद दिवसांच्या मुदतीत समजावणीचे काम अगदी थोडेच दिवस चालू शकले. जानेवारी १९५४ मध्ये उरलेले कैदी ज्या त्या पक्षाकडे परत देण्यात आले. परंतु अठ्ठ्याऐंशी जण असे निघाले की, त्यांना उत्तरही नको होती आणि दक्षिणही नको होती, चीनही नको होता. शहात्तर कोरियन आणि बारा चिनी. ते आपल्या सैनिकांबरोबर जहाजाने भारतात आले. पुढे त्यांतील काही ब्राझील, अर्जेंटिना अशा दूरच्या देशांत गेले, तर काही येथेच राहिले. चोई इन-हुन या कोरियन लेखकाने १९६० साली लिहिलेल्या 'चौक' या कादंबरीचा नायक असाच दोन्ही बाजूंना नकार देऊन तटस्थ देशाच्या जहाजात बसलेला आहे. परंतु तो किनाऱ्यास लागत नाही, वाटेतच समुद्रात नाहीसा होतो.

घर म्हणजे जेथे परत जावयाचे ते ठिकाण, असे आम्ही आजवर धरून चाललो होतो. सहलीच्या तिसऱ्याच दिवशी आमच्यातील अर्ध्याजणांना घराची आठवण येऊ लागली होती. घरी जावयास माणूस भितो, दोन्हींपैकी एकाही घराचे नाव घेऊ शकत नाही, असा काळ कसा असेल? सीमाभागात वाढलेल्या मुलांना रेषा म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही. नकाशावर बोटभर दिसणारी रेघ घरात, दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या वर्गात कशी येऊन उभी राहते, हे आम्ही जाणतो. आमची रेघ कोरियाच्या रेघेइतकी क्रूर नाही. आम्ही ती ओलांडून आजोळी जातो आणि संध्याकाळी परत येतो. हे भाग्य लहान नाही, हे त्या दिवशी प्रथम जाणवले.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटली. थिमय्या कोडगूचे, म्हणजे आज आम्ही राहतो त्याच कर्नाटकाचे. थोरात कोल्हापूरकडचे, म्हणजे आमच्या भाषेचे. दोघांचाही जन्म १९०६ चा. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगाव येथे एकाच ब्रिगेडच्या दोन पलटणींचे हे प्रमुख. तेथील घनघोर लढाईबद्दल दोघांनाही डी. एस. ओ. हे पदक मिळाले. म्हणजे तलवार त्यांना परकी नव्हती. तीच दोन माणसे आठ वर्षांनंतर दुसऱ्यांच्या रेषेवर राखण करावयास शेजारी शेजारी उभी राहिली. थोरातांना त्या कामगिरीबद्दल अशोकचक्राचा दुसरा वर्ग मिळाला; त्यालाच आज आपण कीर्तिचक्र म्हणतो. थिमय्या पुढे सरसेनापती झाले आणि निवृत्तीनंतर सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्व करीत असतानाच १९६५ साली त्यांचे निधन झाले. जिंकण्यासाठी लढण्याचे धैर्य त्यांच्याजवळ होते, हे कांगावने पाहिले. शिव्या, दगड आणि संशय सोसून कोणासही न जिंकता उभे राहण्याचे धैर्यही त्यांच्याजवळ होते, हे कोरियाने पाहिले.

निघताना आम्ही पुन्हा पुतळ्यापाशी गेलो. आमच्या मित्राने रस्त्यात घेतलेली झेंडूची चार फुले खिशात जपून ठेवली होती. ती त्याने चौथऱ्याशी ठेवली. आमच्यापैकी कोणीही त्याची छायाचित्रे काढली नाहीत. जिलबी त्या संध्याकाळी खाल्ली. गोड होती, पण तिच्याविषयी लिहावे असे काही आता आठवत नाही.

बेळगावास परतल्यावर एका रविवारी आम्ही पाच-सहा जण त्या मित्राच्या गावी गेलो. माजघरातील भिंतीवर पणजोबांचे छायाचित्र आहे. कानांवर ओढलेली जाड टोपी, अंगात जाड कोट, मागे तारांचे कुंपण आणि ओठांवर, थंडीमुळे असेल, न उमटलेले हसू. मित्राने घरातील थोरांना बागेची सर्व हकीगत सांगितली. घराकडे जावयास माणसे का भीत होती, तेही सांगितले. त्याची आजी, म्हणजे पणजोबांची सून, बराच वेळ त्या छायाचित्राकडे पाहत राहिली. मग पदराने काच पुसून ती म्हणाली, "मामंजी खरं बोलत होते म्हणायचं."

परतताना गावच्या वेशीवर राखणदाराचे स्थान लागले. पिंपळाखाली शेंदूर फासलेला दगड आणि त्यापुढे कोणी वाढवलेल्या नारळाची करवंटी. आमच्या भागात गावोगावी राखणदार असतो. त्याने कोठे राज्य जिंकले, कोणाशी युद्ध केले, असे कोणी विचारीत नाही. रात्रीबेरात्री तो जागा असतो, वाट चुकलेल्यास घरापर्यंत पोहोचवतो, एवढ्याचसाठी त्याच्यापुढे नारळ ठेवतात आणि जाता येता हात जोडतात. 'राखण' हा शब्द आपण पारावर हसण्यावारी नेतो आणि वेशीवर त्याच शब्दापुढे मस्तक नमवतो, हे कसे?

त्या दगडापुढे आम्ही सर्वांनी हात जोडले. आमचा मित्र सर्वांत शेवटी तेथून निघाला.